डूख धरणारे आप्पा

माणसं उपास धरतात, हट्ट धरतात, वेळ आली की एखाद्याचे पायही धरतात. आमचे आप्पा डूख धरायचे. क्रांती चौकातल्या एका रसवंतीवाल्यानं त्यांना कधीकाळी उसाच्या रसात निम्मा बर्फ घालून दिला होता. तेव्हापासून आप्पा रोज त्याच्यासमोर थांबायचे, "राम राम पाव्हणं" म्हणायचे आणि शेजारच्या गाड्यावर जाऊन रस प्यायचे. ग्लास असा उंच धरून की पहिल्याला फेस दिसलाच पाहिजे. "आता सोडा की हो आप्पा," असं आम्ही म्हटलं की म्हणायचे, "सोडायला ते काय धरणाचं पाणी हाय?"

हे मी मायेनं लिहितेय, पण रागानं जास्त लिहितेय, ते आधीच सांगून टाकते. गेलेल्या माणसाबद्दल गोड गोड वाचायची ज्यांना सवय आहे, त्यांनी खुशाल दुसरं काही वाचावं. आप्पांना गोड चालायचं नाही. एक तर स्वभाव तसा, आणि दुसरं म्हणजे शुगर होती.

आप्पा मूळचे देवगाव रंगारीकडचे, मेंढरं राखणाऱ्यांच्या घरातले. शिकले, इथं शहरात येऊन एका बँकेत बरीच वर्षं काढली आणि मग क्रांती चौकाजवळच्या आमच्या ऑफिसात अहवाल तपासणाऱ्यांचे प्रमुख म्हणून आले. खाली मोबाइलची दुकानं, वर आम्ही. सकाळी मला पाहिलं की ते "जय भीम, वंदनाबाई" म्हणायचे आणि मी "राम राम आप्पा" म्हणायचे. आपापला नमस्कार आम्ही एकमेकांना कधीच केला नाही. ज्याचं त्याला द्यावं, असा त्यांचा हिशेब होता.

आमचं काम सांगितलं की नातेवाईक जांभया देतात, म्हणून थोडक्यात सांगते. युरोपातल्या एका बँकेनं तिकडच्या सरकारी देखरेखवाल्यांना जे अहवाल द्यायचे असतात, ते आम्ही इथं बसून तयार करायचो. बऱ्याच वर्षांपूर्वी तिकडं मोठमोठ्या बँका बुडाल्या आणि मग नियमांवर नियम चढत गेले. एक त्या देशाचा, एक सगळ्या युरोपचा, एक देखरेख करणाऱ्यांचा. एकच माहिती तिघांना द्यायची, पण तिघांचे तक्ते वेगळे. मोठ्या बँकेला जेवढं ओझं तेवढंच बारक्या बँकेलाही. त्या तक्त्यांवर आमची भाकरी होती. आमच्यातल्या बहुतेकींच्या घरात पगाराची नोकरी करणारी पहिली बाई म्हणजे आम्हीच.

नवा नियम आला की आप्पा चष्मा कपाळावर चढवून एकच विचारायचे, "हा कुणाच्या मेल्यावर आला?" म्हणजे कोणती बँक बुडाली, कुणाची ठेव गेली, म्हणून हा जन्मला? त्याचं उत्तर मिळालं की आप्पा त्या नियमाला चक्क हात जोडायचे आणि आमच्याकडून तो तक्ता डोळ्यांत तेल घालून करून घ्यायचे. उत्तर नाही मिळालं की धरला डूख! तीच माहिती दुसऱ्यांदा मागणाऱ्या अहवालाला ते "सवत" म्हणायचे. "थोरली झाली का? मग आता सवतीचं बघा. तिला बी तेच लुगडं पाहिजे, फक्त काठ निराळा." ऑफिसातल्या निम्म्या अहवालांची खरी इंग्रजी नावं मला आज आठवत नाहीत, पण कोण कुणाची सवत ते पाठ आहे.

एक अहवाल मात्र निराळाच होता. उद्या आपण बुडालो तर आधी काय विकायचं, कुणाचे पैसे पहिल्यांदा द्यायचे, हे तिकडच्या बँकेला जिवंतपणीच लिहून ठेवावं लागतं. आम्ही त्याला मृत्युपत्र म्हणायचो. ते पाठवायचे दिवस आले की जिन्यात सारखं तेच, "मृत्युपत्र झालं का गं?" "नाही ना, सही राहिलीय." एकदा चहावाला चहाचे पैसेच घेईना. हळूच मला म्हणाला, "ताई, राहू द्या आज. म्हाताऱ्या साहेबांचं लई सीरियस हाय म्हणं?" आप्पा आतून ओरडले, "मी ठणठणीत हाय! बँक मरायलीय, ती बी कागदावर!" तो चहावाला पुढं कितीतरी दिवस आमच्याकडं जरा दबकूनच बघायचा.

आमच्या ऑफिसचे डायरेक्टर म्हणजे सादर साहेब. हे नाव आम्हीच ठेवलेलं. प्रत्येक मीटिंगला ते "मी आपल्यासमोर सादर करतो" अशी सुरुवात करायचे आणि सादर जे करायचे ते दुसऱ्या कुणीतरी केलेलं असायचं. ते नवे होते तेव्हा त्यांना अहवालातला अ आप्पांनी शिकवला होता. आप्पा त्यांना एकेरीत हाक मारायचे आणि ते आप्पांना "आप्पा, तुमच्याशिवाय माझं पान हलत नाही" म्हणायचे. एवढं खरंच होतं.

मग तिकडं वारं फिरलं. नियमांचं ओझं फार झालंय, ते कमी करा, नाहीतर आपल्या बँका अमेरिकेच्या बँकांपुढं टिकायच्या नाहीत, असं युरोपात बोललं जायला लागलं. आमच्या बँकेनं सगळ्या ऑफिसांना विचारलं की कोणते अहवाल एकत्र करता येतील, कोणते गाळता येतील, ते सुचवा. सादर साहेबांनी उत्साहानं दारावर मराठीत फलक लावला, "सुलभ बँक, सुलभ ऑफिस". त्या शब्दाची पाटी आपल्याकडं बसस्टँडजवळ कुठल्या दारावर असते, हे सांगायची त्यांना कुणाची छाती झाली नाही. फलक संध्याकाळपर्यंत राहिला. माझ्या शेजारच्या टेबलावरची शबाना हसून हसून डोळे पुसत होती. "अंदर जाने के कितने पैसे, साब?" असं ती आमच्या कानात विचारायची, साहेबांना नव्हे.

हसू ओसरलं तसा खरा प्रश्न पुढं आला. अहवाल कमी झाले तर आम्ही कशाला हव्यात? शबानानं तेच आप्पांना विचारलं. शबानाचं घर तिच्या एकटीच्या पगारावर चालायचं. आप्पा म्हणाले, "आपली भाकरी ह्या गुंत्यावर हाय, म्हणून गुंता चांगला म्हणायचं व्हय? सवती जाऊ द्या. पण तुमच्यातली एक बी घरी जाणार नाय. माझा शब्द हाय." आणि मग त्यांनी साहेबांना गाठलं. सांगितलं, गाळायचं काय ते मी दाखवतो, पण माणूस एक गळता कामा नये. साहेब म्हणाले, "आप्पा, म्हणजे काय! शब्द!" हे माझ्यासमोर झालं.

मग आप्पांनी साहेबांसकट आम्हाला सगळ्यांना बसवून फळ्यावर मेंढरं काढली. चित्रकला अशी होती की ती मेंढरं आहेत हे त्यांनाच सांगावं लागलं. "हे बघा. कळपाला राखण पाहिजेच. पण दोन कुत्री एकाच मेंढरामागं लागली तर मेंढरू दमून मरतंय, आणि पल्याड लांडगा मोकळा. तिकडं तेच झालंय. एक कुत्रं मागं घ्या. बँक जरा पळू द्या, चरू द्या, धष्टपुष्ट होऊ द्या. पण राखण काढू नका." जे कुत्रं मागं येईल, म्हणजे ज्या पोरी मोकळ्या होतील, त्यांना तिकडच्या बारक्या बँकांच्या कामाला लावायचं, असं त्यांचं म्हणणं. बारक्यांना स्वतःचं ऑफिस परवडत नाही. त्यांचं ओझं आपण हलकं करू, त्याही पळतील, आपणही जगू.

एक तक्ता मात्र कुणी कितीही सांगितलं तरी काढायचा नाही, असं त्यांनी बजावलं. त्याला आम्ही कळपाचा तक्ता म्हणायचो. कोणत्या बँकेचे पैसे कोणत्या बँकेत अडकलेत, एकीच्या दारात लोकांनी गर्दी केली तर दुसरी किती तग धरेल, ते त्यात असायचं. सगळ्यात किचकट आणि सगळ्यात खर्चिक काम ते, आणि त्यात शबानाचा हात धरणारं कुणी नव्हतं. आप्पा म्हणाले, "शेळी आपापली पळती. मेंढरू एक उधळलं की अख्खा कळप उधळतो. बँका मेंढरं हायत, शेळ्या नव्हं."

तिकडच्या लोकांशी व्हिडिओवर मीटिंग झाली. आम्ही मागच्या खुर्च्यांवर. साहेबांनी नेहमीप्रमाणं सादर केलं. आप्पांचं नाव नाही, ते आम्ही धरूनच चाललो होतो. सवती गेल्या, ठीक. बारक्या बँकांचं कामही गेलं, मोकळ्या होणाऱ्या माणसांच्या जागी "खर्चात बचत" आली. कळपाचा तक्ताही गाळायच्या यादीत. आणि शेवटी साहेब छाती काढून इंग्रजीत म्हणाले, "माझी एक कल्पना आहे. दोन कुत्री आणि एक शेळी." तिकडचे सगळे खूश होऊन हसले.

आप्पा उठून बाहेर गेले. मी मागोमाग. जिन्यात कठडा धरून उभे होते, कानाच्या पाळ्या लाल. मला वाटलं, चोरीचं दुःख झालं असेल. म्हणाले, "चोरलं तर चोरलं गं. पण मेंढराची शेळी केली त्यानं! त्याला कळपच कळला नाय. म्हणून तर तो तक्ता काढला. आता पोरींला काय सांगू?" मी हसले नाही. कुणीच हसलं नसतं, त्यांचा चेहराच तसा झाला होता.

पुढं व्हायचं ते झालं. शबाना पहिल्या झटक्यात गेली, कारण तिचा तक्ताच गेला. मग एकेक करत बाकीच्या. साहेब प्रत्येकीला केबिनमध्ये बोलावून हळहळत सांगायचे, "नियम सोपे झाले, त्याला मी काय करणार?" आमच्यात मग नोकरी जाण्याला "सोपं होणं" असाच शब्द पडला. "ती गं, मागच्या आठवड्यात सोपी झाली." आप्पांना त्यांनी ठेवून घेतलं होतं, सल्लागार म्हणून, पगार वाढवून. ते कळलं त्याच दिवशी आप्पांनी डबा उचलला आणि नोकरी सोडली. जाताना केबिनचं दार उघडून एवढंच म्हणाले, "तुझा डूख धरला बरं का. सांगून ठेवतो. नंतर म्हणू नको सांगितलं नाय." साहेब हसले. हसणारच. त्यांनी रसवंतीवाला पाहिला नव्हता.

त्या हसण्याचा राग माझ्या मनातून आजही गेलेला नाही. जाऊही नये.

आप्पांनी औरंगपुऱ्यात बांगड्यांच्या दुकानावर दोन खोल्या घेतल्या. गल्ली इतकी चिंचोळी की समोरून स्कूटर आली तर पायरीवर चढावं लागायचं. "सोप्या" झालेल्या आम्ही सगळ्या हळूहळू तिथं जमलो. तिकडच्या एका बारक्या बँकेचं काम मिळालं, मग दुसरीचं. त्यांना तर आप्पांची तऱ्हाच हवी होती: नियम सगळा पाळायचा, पण एका गोष्टीसाठी तीन तक्ते भरत बसायचं नाही. आप्पा सकाळी दाराशी उभे राहून ओरडायचे, "चला गं, त्याला हरवायचंय!" कुणाला, ते सांगावं लागायचं नाही. मला तर तो दिवसाचा सगळ्यात आवडता क्षण वाटायचा. माणूस पगारासाठी काम करतो, खरंय, पण खुन्नस असली की हात लवकर चालतात.

आणि मग देव पावला म्हणा, तथागत पावले म्हणा! तिकडच्या देखरेखवाल्यांनी साहेबांच्या बँकेला कळपाचा तक्ता गाळायची परवानगी नाकारली. बाकी सगळं सोपं करा, हे नाही. आता तो करणार कोण? क्रांती चौकात करणारी एकही उरली नव्हती. काम फिरत फिरत औरंगपुऱ्यातल्या आमच्या जिन्यावर आलं. शबानानं मान्य करायच्या आधी दर वाढवून मागितला आणि त्यांनी मुकाट्यानं दिला. तिनं त्या दिवशी सगळ्यांना नानखटाई आणली. आप्पांनी शुगर बाजूला ठेवून एक खाल्ली.

तक्ता तयार झाला की तो तिकडं पाठवायचा असे. पहिल्याच वेळी आप्पा माझ्या खुर्चीमागं येऊन उभे राहिले. "त्याला बी पाठव." मी म्हटलं, "आप्पा, साहेबांचा ह्याच्याशी आता काय संबंध?" "त्या बँकेचं इथलं ऑफिस तोच बघतो ना? मग माहितीसाठी म्हणून त्याला बी पाठव. खाली शबानाचं नाव मोठ्या अक्षरात टाक." तेव्हापासून दर वेळी साहेबांना एक प्रत जायची. शबानाच्या नावासकट. त्यांनी एकदाही पोच दिली नाही. आप्पा मात्र दर वेळी विचारायचे, "गेलं का त्याला?" गेलं म्हटलं की चष्मा पुसायचे आणि पुढच्या कामाला लागायचे.

मग आप्पांच्या किडन्यांनी दगा दिला. आम्ही आळीपाळीनं दवाखान्यात बसायचो. एका दुपारी आप्पांची बायको, म्हणजे आमच्या काकू, आणि मी होतो, आणि दारात सादर साहेब! हातात सफरचंदांची पिशवी. खुर्ची ओढून बसले, आवाज ओला केला. "आप्पा, झालं गेलं विसरून जाऊ. मोठ्या मनानं मला माफ करा."

आप्पांनी उशाचा चष्मा चढवला आणि साहेबांना नीट बघून घेतलं. मग म्हणाले, "माझ्याजवळ काहून मागतो? माझं तू काय घेतलं? म्हातारा होतो, आज ना उद्या घरीच बसायचो. ज्या पोरींला मी शब्द दिला होता, त्यांच्या दारी जा. एकेकीच्या. त्या म्हणल्या माफ, तर मी बी म्हणतो. तोवर नाय."

"आप्पा, आता अशा वेळेला तरी..."

"अशाच वेळेला. नंतर मला कोण इचारतंय?"

काकू कळवळल्या. "असं बोलू नये हो, दारात आलेल्या माणसाला."

"दवाखान्याचं दार हाय ते, माझं नाय," आप्पा म्हणाले. "आणि ती सफरचंदं घेऊन जा. कापायला कुणाला येळ नाय इथं."

साहेब गेले. काकू माझ्याकडं अशा बघत होत्या की आता तूच काहीतरी समजाव. मी काय समजावणार? मला तर आप्पांच्या पाया पडावंसं वाटत होतं. माणूस मरायला टेकला की त्यानं सगळ्यांना माफ करून टाकावं, ही आपल्याकडची मोठी सोय आहे. सोय कुणाची, तर ज्यानं वाईट केलं त्याची. आप्पांनी ती सोय करून दिली नाही. पुढच्याच आठवड्यात ते गेले.

शोकसभा औरंगपुऱ्यातल्याच एका हॉलमध्ये झाली. देवगाव रंगारीहून जीप भरून माणसं आली होती, जुन्या बँकेतले लोक होते, आम्ही सगळ्या मधल्या रांगांत. शोकसभेत कोण काय बोलतं ते तुम्हाला माहीत आहे. सगळेच सज्जन, सगळ्यांचंच मन आभाळाएवढं. आणि तिथं कुणी कितीही फेकलं तरी ऐकणाऱ्यांनी माना हलवायच्या, ही रीत. सादर साहेब उठले. पांढरा शर्ट, हातात रुमाल. म्हणाले, आप्पा माझे गुरू. युरोपातल्या बँकांचे नियम सोपे करायची कल्पना आम्ही दोघांनी मिळून मांडली. मग आवाज खाली आणून म्हणाले, "आमच्यात थोडे गैरसमज झाले होते. पण आप्पांचं मन मोठं. दवाखान्यात माझा हात हातात घेऊन ते म्हणाले, साहेब, मी सगळं सोडून दिलं. दोघांच्याही डोळ्यांत पाणी होतं."

हॉलमध्ये हुंदके आले. पुढच्या रांगेतल्या कुणीतरी "वा" म्हटलं. काकू खाली मान घालून बसल्या होत्या. मी कधी उभी राहिले ते माझं मलाच कळलं नाही.

"खोटं आहे," मी म्हणाले.

सगळ्या माना वळल्या. माईकजवळचे अध्यक्ष हातानं मला खाली बसायची खूण करायला लागले. मी बसले नाही. "आप्पांनी ह्यांना माफ केलेलं नाही. मी तिथंच होते. ते म्हणाले, ज्या पोरींला मी शब्द दिला होता, त्यांच्या दारी जा, त्या म्हणल्या माफ, तर मी बी म्हणतो. तोवर नाय. हे त्यांचे शब्द आहेत. त्या पोरी इथं बसल्यात. विचारा त्यांना, साहेब कुणाच्या दारी आले ते."

मग माझ्या शेजारून शबाना बसल्या जागेवरून म्हणाली, "मेरे घर को तो नै आए, साब."

मागून एक आवाज आला, "माझ्याबी नाय." मग आणखी एक. मग आणखी.

अध्यक्षांनी घाईघाईनं माईक ओढला आणि आता आपण सगळे दोन मिनिटं उभे राहून आप्पांना श्रद्धांजली वाहू या, असं जाहीर केलं. सगळे उठले. साहेबही माईकशेजारी होते तिथंच उभे, हात बांधून, मान खाली. हॉलमधल्या सगळ्यांनी डोळे मिटले. आम्ही मिटले नाहीत. मधल्या रांगांतल्या सगळ्याजणी दोन मिनिटं त्यांच्याकडंच बघत उभ्या होतो.